चळवळीतील आई आणि मुलाची साक्ष : ‘मेराता’ या माहितीपटाच्या निमित्ताने

सामाजिक चळवळींत आयुष्य वेचलेल्या माणसांची जी चरित्रे लिहिली जातात, त्यांत घराचे प्रकरण बहुधा दोन-चार वाक्यांत आटोपलेले असते. सभा, मोर्चे, अटक, सुटका यांचा तपशील तारीखवार येतो. परंतु त्या त्या दिवशी घरातील मुलांना जेवू कोणी घातले, शाळेत त्यांना काय ऐकावे लागले, रात्री दारावर थाप पडली तेव्हा दार कोणी उघडले, याची नोंद कोठेच सापडत नाही. चरित्रनायक पुरुष असेल तर ही उणीव कोणाच्या ध्यानातही येत नाही. चरित्रनायिका स्त्री असेल तर मात्र दोन तयार साचे चरित्रकाराच्या हाताशी असतात. एक साचा त्यागमूर्ती मातेचा, दुसरा घर वाऱ्यावर सोडणाऱ्या बाईचा. पहिल्यात गौरव आहे, दुसऱ्यात निंदा आहे; मुलांचे म्हणणे ऐकून घेण्याची तयारी मात्र दोन्हींत नाही.

असे चरित्र स्वतः मुलानेच रचायचे ठरवले तर काय होते, हा प्रश्न न्यूझीलंडमधील एका माहितीपटाने अतिशय प्रामाणिकपणे हाताळला आहे. ‘मेराता : हाऊ मम डीकॉलोनाइज्ड द स्क्रीन’ हे त्याचे नाव. आईने रुपेरी पडद्यावरची वसाहतशाही कशी मोडून काढली, असा त्याचा आशय आहे. माओरी चित्रकर्मी आणि कार्यकर्त्या मेराता मिता यांच्यावरील हा माहितीपट त्यांचे धाकटे चिरंजीव हेपेरी मिता यांनी दिग्दर्शित केला. २०१८ मध्ये तो प्रथम न्यूझीलंडमध्ये दाखवला गेला, २०१९ मध्ये सन्डान्स आणि बर्लिन येथील महोत्सवांत गेला, आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कृष्णवर्णीय दिग्दर्शिका एव्हा ड्यूव्हर्ने यांच्या वितरण संस्थेमार्फत जगभर पोहोचला. त्याच्या शीर्षकातच दोन भाषा एकमेकींशेजारी बसल्या आहेत. ‘मम’ हा स्वयंपाकघरातला, मुलाच्या तोंडचा शब्द. ‘डीकॉलोनाइज्ड’ हा व्यासपीठावरचा, विद्यापीठातला शब्द. हे दोन शब्द एकाच वाक्यात नांदू शकतात काय, हाच या चित्रपटापुढचा खरा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाच्या अंगाने या कृतीचा विचार करावयाचा आहे.

पार्श्वभूमी

मेराता मिता यांचा जन्म १९ जून १९४२ रोजी न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरील माकेतू या किनारी गावी झाला. ते आरावा या जमातसमूहातील न्गाती पिकिआओ ही त्यांची शाखा. नऊ भावंडांत त्या तिसऱ्या. माओरी भाषा, नातेसंबंध आणि सामुदायिक जीवन यांच्या सान्निध्यात त्यांचे बालपण गेले. परंतु ज्या देशात त्या वाढत होत्या, त्या देशाने माओरींना आपल्याच भूमीत परके करून ठेवले होते.

६ फेब्रुवारी १८४० रोजी वाइतांगी येथे ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात जो करार झाला, त्याचे इंग्रजी आणि माओरी असे दोन पाठ आहेत. इंग्रजी पाठात सार्वभौमत्व देऊन टाकल्याची भाषा आहे. माओरी पाठात केवळ कारभार चालवण्याचा अधिकार दिल्याची भाषा आहे. एकाच कागदाचे हे दोन अर्थ पुढील दीडशे वर्षांच्या संघर्षाचे मूळ ठरले. १८६० च्या दशकातील युद्धे, त्यांनंतरच्या जमीनजप्त्या आणि १८६५ मध्ये आलेले जमीन न्यायालय यांनी सामुदायिक मालकीची भूमी तुकड्यातुकड्यांनी गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हाती गेली. शाळांत माओरी बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर पोटासाठी शहरांत आलेल्या पिढ्यांची भाषाही हळूहळू सुटत गेली.

मेराता यांनी प्रारंभी कावेराउ या गावी आठ वर्षे शिक्षिकेचे काम केले. ज्यांना शाळेने ‘शिकण्यास असमर्थ’ ठरवले होते, त्या माओरी आणि पॅसिफिक बेटांवरून आलेल्या मुलांच्या हाती त्यांनी कॅमेरा दिला. वहीवर मुकी राहणारी मुले चित्रांतून बोलू लागली. मेराता यांच्या चित्रपटकार्याचा उगम या वर्गात आहे, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. मौज म्हणून किंवा उपजीविका म्हणून त्यांनी हे माध्यम निवडले नाही. ज्याला बोलू दिले जात नाही त्याला बोलते करण्याचे साधन म्हणून ते त्यांच्या हाती आले. पुढे माओरी जीवनाचे चित्रण करू पाहणाऱ्या पाहुण्या चित्रपथकांसाठी मध्यस्थ म्हणून काम करताना त्यांना दुसरा धडा मिळाला : आपल्या माणसांची चित्रे दुसरेच घेतात, आपल्या घरात येऊन घेतात, आणि घेऊन निघून जातात.

दोन लढे, दोन चित्रपट

ऑकलंड शहरातील ओराकेई येथील बॅस्टियन पॉइंट हा समुद्राकाठचा उंचवटा न्गाती फातुआ जमातीच्या पूर्वापार भूमीचा भाग. त्या भूमीचे बहुतांश भाग सरकारने वेळोवेळी घेतले होते. १९७६ मध्ये उरलेल्या जागेवर श्रीमंतांसाठी घरे बांधण्याची योजना जाहीर झाली, तेव्हा जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली ५ जानेवारी १९७७ रोजी तेथे ठिय्या सुरू झाला. तो ५०६ दिवस टिकला. २५ मे १९७८ रोजी पोलिसांचा मोठा फौजफाटा आणि लष्कराची वाहने यांनी उंचवट्याला वेढा घातला. २२२ जणांना अटक झाली आणि उभारलेल्या वास्तू पाडण्यात आल्या. त्या दिवशी मेराता मिता आपल्या सहकाऱ्यांसह आत होत्या. लिऑन नार्बी आणि गर्ड पोलमन यांच्याबरोबर त्यांनी तयार केलेला ‘बॅस्टियन पॉइंट : डे ५०७’ हा अर्ध्या तासाहूनही लहान चित्रपट १९८० मध्ये आला. पोलिसांची रांग जवळ येत असताना आतली माणसे गात आहेत, आणि कॅमेरा त्या माणसांच्या बाजूने उभा आहे. माओरी दिग्दर्शक बॅरी बार्कले यांनी पुढे आदिवासी चित्रपटाची कल्पना मांडताना जहाजाच्या डेकवरचा कॅमेरा आणि किनाऱ्यावरचा कॅमेरा असा भेद केला. तो भेद सिद्धांतरूपाने मांडला जाण्यापूर्वीच येथे प्रत्यक्षात आला होता. वाइतांगी न्यायाधिकरणाच्या १९८७ मधील अहवालानंतर १९८८ मध्ये ही भूमी न्गाती फातुआंना परत देण्याचे सरकारने मान्य केले.

दुसरा चित्रपट ‘पातू!’. या माओरी शब्दाचा अर्थ प्रहार करणे. त्याच नावाचे एक आखूड पारंपरिक शस्त्रही आहे. १९८१ च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर होता. वर्णविद्वेषी राजवटीशी खेळू नये ही मागणी जगभर होती. भारताने १९७४ च्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध खेळण्यास नकार देऊन हातातोंडाशी आलेला चषक सोडला होता, हे येथील वाचकांना आठवत असेल. न्यूझीलंडची गोष्ट उलटी होती. तेथे रग्बी हा जणू राष्ट्रधर्मच. १९६० च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यातून यजमानांच्या मर्जीखातर माओरी खेळाडूंना वगळण्यात आले. १९७० मध्ये त्यांना नेले, ते ‘मानद गोरे’ ही पदवी देऊन. माणसाला प्रवेश द्यायचा, पण त्याचे माणूसपण मान्य करण्याऐवजी त्याची जात तेवढ्यापुरती बदलून घ्यायची, ही युक्ती आपल्याकडील वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

१९८१ च्या दौऱ्याविरुद्ध २८ ठिकाणी दोनशेहून अधिक निदर्शने झाली. त्यांत दीड लाखांहून अधिक लोक उतरले आणि सुमारे पंधराशे जणांवर आरोप ठेवले गेले. २५ जुलै रोजी हॅमिल्टन येथे निदर्शक मैदानात घुसले आणि सामना रद्द झाला. चारच दिवसांनी वेलिंग्टनमध्ये मोर्चावर पोलिसांचे दंडुके चालले. १२ सप्टेंबरच्या शेवटच्या सामन्यात ऑकलंडच्या मैदानावर विमानातून पिठाच्या पुड्यांचा मारा झाला. हे सारे अनेक चित्रकारांनी मिळून टिपले आणि मेराता यांनी त्यातून दोन तासांच्या आसपासचा चित्रपट उभा केला. १९८३ मध्ये तो प्रदर्शित झाला. मधल्या काळात या फितींवर पोलिसांचा डोळा होता. चित्रण त्यांच्या हाती पडले असते तर तेच आंदोलकांविरुद्ध पुरावा झाले असते. म्हणून फिती लपवाव्या लागल्या आणि संकलन गुप्तपणे करावे लागले.

‘पातू!’चे महत्त्व केवळ घटनांच्या चित्रणात नाही. दूरच्या देशातील वर्णद्वेषाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या गोऱ्या न्यूझीलंडवासीयांना त्यातील माओरी आवाज एक अडचणीचा प्रश्न विचारतात : तुम्हाला दक्षिण आफ्रिकेतील अन्याय दिसतो, मग तुमच्या स्वतःच्या देशातील कसा दिसत नाही? मित्रांनाही प्रश्न विचारणारा हा चित्रपट आहे. आपल्या बाजूच्या माणसांची परीक्षा घेण्याचे हे धैर्य मेराता यांच्या कार्याचा कणा होय. मुलाने हाच गुण आईकडून घेतला काय, हे आता पाहावयाचे आहे.

घरातील साक्षीदार

हेपेरी मिता हे मेराता आणि चित्रपट-दिग्दर्शक जेफ मर्फी यांचे पुत्र. बॅस्टियन पॉइंट आणि १९८१ चे आंदोलन या दोन्ही घटना त्यांच्या जन्मापूर्वीच्या. पुढे मर्फी हॉलिवूडमध्ये काम करू लागल्यावर कुटुंब अमेरिकेत गेले. मेराता यांनी काही काळ हवाई विद्यापीठात अध्यापनही केले. म्हणजे धाकट्या मुलाला जी आई मिळाली ती स्थिरावलेली, मान्यता पावलेली, घरी वेळ देऊ शकणारी होती. मोठ्या भावंडांना मिळालेली आई निराळी होती. ती तरुण होती, काही काळ एकटीने संसार ओढत होती, पैशांची नेहमीच चणचण होती, आणि तिचा दिवस कोठे सुरू होऊन कोठे संपेल याचा नेम नव्हता.

३१ मे २०१० रोजी ऑकलंडमध्ये माओरी दूरचित्रवाणीच्या कार्यालयाबाहेर मेराता अचानक कोसळल्या आणि त्यांचा अंत झाला. पुढे हेपेरी ‘न्गा ताओंगा’ या राष्ट्रीय चित्र-ध्वनी अभिलेखागारात काम करू लागले. त्यांच्या जन्माआधीची आई त्यांना भेटू शकत होती ती तेथेच, जुन्या फितींत. या अर्थाने हा माहितीपट एका विचित्र अंतरातून जन्मला आहे. ज्या आईविषयी मुलगा बोलतो, तिला तो स्वतः पाहिलेले नाही; आणि जी त्याने पाहिली, तिच्याविषयी बोलण्यासारखे लढे नाहीत.

या अडचणीवर हेपेरी यांनी जो उपाय शोधला, तो या कृतीचा सर्वांत मोठा गुण आहे. त्यांनी आपल्या मोठ्या भावंडांना कॅमेऱ्यासमोर बसवले आणि स्वतः ऐकण्याची भूमिका घेतली. या मुलाखती गौरवपर नाहीत. आईच्या गैरहजेरीचा, ओढगस्तीचा, घरापर्यंत आलेल्या पोलिसांच्या ससेमिऱ्याचा उल्लेख त्यांत येतो. बाहेरच्या लढ्याचा एक हप्ता घरातल्या मुलांनी भरला होता, हे ती मोठी झालेली मुले शांतपणे सांगतात. त्यांच्या बोलण्यात प्रेम आहे आणि दुखावलेपणही आहे. एकाने दुसरे पुसले जात नाही.

येथे एक सूक्ष्म गोष्ट घडते. वृत्तचित्रांत आपण मेराता यांना पोलिसांच्या रांगेसमोर, सभेत, संकलनाच्या टेबलाजवळ पाहतो. त्या दृश्याला लागूनच भावंडांपैकी कोणीतरी त्याच वर्षांची घरची आठवण सांगतो. दोन दृश्यांमध्ये निवेदक निकाल देत नाही. आई बरोबर होती की चूक, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात उभा राहतो आणि उभाच राहतो. आईने गोऱ्या मित्रांना विचारलेला प्रश्न मुले आता घराच्या आत विचारतात : तुला साऱ्या जमातीची मुले दिसत होती, तेव्हा आम्ही दिसत होतो काय? आणि तेच साक्षीदार हेही दाखवून देतात की आईने लढा दिला नसता तर ज्या देशात ती वाढत होती तो देश त्यांच्यासाठी अधिक कठोर राहिला असता. हा तिढा सोडवून दाखवण्याचा आव चित्रपट आणत नाही, याबद्दल दिग्दर्शकाचे अभिनंदन केले पाहिजे.

एक आक्षेप असा संभवतो की पोटचा मुलगा निःपक्षपाती कसा असेल. परंतु निःपक्षपात हे साक्षीचे लक्षण नव्हे. न्यायालयातही साक्षीदाराला तटस्थ राहण्यास सांगत नाहीत. जे पाहिले, ऐकले तेच सांगण्यास सांगतात. हेपेरी यांनी आपल्या साक्षीची मर्यादा ओळखली आणि जेथे स्वतः नव्हते तेथे जे होते त्यांना बोलावले. बाहेरच्या चरित्रकाराला या भावंडांनी इतक्या मोकळेपणाने हे सांगितले असते, असे वाटत नाही. भाऊ समोर बसला आहे, म्हणून ती बोलतात. आणि तो धाकटा आहे, त्याला ठाऊक नाही, म्हणून समजावून सांगतात.

मृतांची चित्रे कोणाची?

या माहितीपटाची रचना समजून घेण्यासाठी मेराता यांच्याच एका चित्रपटाकडे वळले पाहिजे. १९४० मधील करार-शताब्दीच्या निमित्ताने राजकन्या ते पुएआ यांनी मोठ्या युद्धनौका घडवून घेण्याचा संकल्प केला होता. १९३७ ते १९४० या काळात जंगलातील वृक्ष निवडण्यापासून नौका पाण्यात उतरवण्यापर्यंतचे चित्रण झाले. परंतु चित्रपट त्या वेळी पुरा झाला नाही आणि फिती पडून राहिल्या. पन्नास वर्षांनी अभिलेखागाराने त्या वाचवल्या, आणि त्यांतून मेराता यांच्या दिग्दर्शनाखाली १९९० मध्ये ‘माना वाका’ तयार झाला. त्याचे संकलन बंद खोलीत झाले नाही. न्गारुआवाहिया येथील तुरांगावाएवाए या सामुदायिक सभास्थानी ते करण्यात आले, म्हणजे ज्यांचे आजे-पणजे त्या फितींत होते, ती वडीलधारी माणसे येऊन पाहू शकतील.

यामागे एक निश्चित धारणा आहे. माओरी दृष्टीने मृतांची प्रतिमा ही निर्जीव वस्तू नसते. तिच्यात त्या माणसाचा अंश, त्याचे पावित्र्य वास करते. म्हणून ती कोणीही, कोठेही, कशीही वापरावी असे चालत नाही; तिच्यावर वंशजांचा अधिकार असतो आणि त्या अधिकाराबरोबर जबाबदारीही येते. मेराता यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रबंधवजा लेखात आत्मा आणि प्रतिमा यांच्या या नात्याचा विचार मांडला होता. पाश्चात्त्य चित्रपटसृष्टीत चित्रणावरचा हक्क निर्मात्याचा असतो. मेराता यांच्या विचारात तो चित्रात दिसणाऱ्या माणसांचा आणि त्यांच्या वंशजांचा आहे. कायद्याच्या भाषेत हा फरक लहान दिसेल, पण वसाहतशाहीच्या पायावरच तो घाव घालतो.

आता हेपेरी यांच्या कृतीकडे पुन्हा पाहिले तर ध्यानात येते की ज्या रीतीने आईने परक्या आजोबा-पणजोबांच्या फिती त्यांच्या वंशजांसमोर ठेवल्या, त्याच रीतीने मुलाने आईच्या फिती तिच्या मुलांसमोर ठेवल्या आहेत. वारसदारांना विचारूनच चित्र लावायचे, त्यांचे म्हणणे चित्राच्या शेजारी नोंदवायचे, ही पद्धत त्याने आईकडूनच घेतली. घरातील दुखणी उघड करणे हा आईचा अवमान नाही काय, या शंकेचे उत्तरही येथेच मिळते. आईच्या विचारानुसार प्रतिमेवर वंशजांचा अधिकार आहे. तर मग आपल्या आईच्या प्रतिमेत काय राहावे हे ठरवण्याचा अधिकार तिच्या मुलांचा आहे. आईच्या तत्त्वाची कसोटी मुलांनी आईलाच लावली आणि ती त्या कसोटीस उतरली.

माओरी भाषेत ‘उतू’ असा एक शब्द आहे. त्याचे भाषांतर पुष्कळदा ‘सूड’ असे केले जाते. जेफ मर्फी यांच्या १९८३ मधील त्याच नावाच्या चित्रपटात मेराता यांनी भूमिकाही केली होती. परंतु त्या शब्दाचा मूळ अर्थ व्यापक आहे : बिघडलेला तोल पुन्हा सावरणे, मिळालेल्या दानाची तसेच झालेल्या इजेचीही योग्य परतफेड करणे. आईविषयीचे देणे आणि आईकडून झालेली उपेक्षा, दोन्हींचा हिशेब एकाच वेळी मांडणारा हा माहितीपट त्या अर्थाने परतफेडीची कृती आहे.

उणिवा

एवढे गुण मान्य करूनही काही उणिवा नोंदवणे आवश्यक आहे. चित्रपटाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका कसदार नाही. मेराता यांनी जगभरच्या आदिवासी चित्रकर्मींना केलेले मार्गदर्शन, सन्डान्सच्या कार्यशाळांतील त्यांचा वाटा, ताइका वाइतिती यांच्या ‘बॉय’ या २०१० मधील चित्रपटाच्या निर्मितीतील त्यांचा सहभाग, या गोष्टी मोलाच्या आहेतच. पण त्या ज्या क्रमाने येतात, त्यामुळे संघर्षाकडून सन्मानाकडे जाणारी एक सरळ चढण तयार होते. दुःखाचे दिवस संपले आणि कीर्तीचे दिवस आले, अशी समजूत प्रेक्षक करून घेतो. वास्तव एवढे सरळ नव्हते. ज्या राज्याच्या पोलिसांपासून फिती लपवाव्या लागल्या, त्याच राज्याने २०१० च्या नववर्षदिनी मेराता यांना सन्मान जाहीर केला. राज्य बदलले होते, की लढवय्या स्त्री आता निरुपद्रवी ठरली होती? मुलाने हा प्रश्न अधिक टोकदारपणे विचारावयास हवा होता.

दुसरी उणीव ‘माउरी’ या १९८८ च्या कथाचित्राविषयीची. एकट्या माओरी स्त्रीने दिग्दर्शित केलेला हा पहिला कथाचित्रपट. त्यातील प्रमुख वृद्धेची भूमिका ईव्हा रिकर्ड यांनी केली. महायुद्धाच्या काळात विमानतळासाठी म्हणून घेतलेली रॅग्लन येथील जमीन युद्ध संपल्यावर मूळ मालकांना परत न देता तेथे गोल्फचे मैदान झाले. त्याविरुद्ध रिकर्ड लढल्या आणि १९७८ मध्ये त्याच मैदानावर त्यांना अटक झाली. म्हणजे भूमीसाठी तुरुंगाची वाट चाललेली स्त्री येथे भूमीशी एकरूप झालेल्या स्त्रीची भूमिका करते. चित्रकार राल्फ होतेरे या चित्रपटाचे कलादिग्दर्शक होते, आणि अनेक तरुण माओरींना तेथे कामातून शिक्षण मिळाले. अशा कृतीचे थोडे विस्तृत कलाविवेचन झाले असते तर मेराता कार्यकर्त्या म्हणून जेवढ्या ठसतात तेवढ्या कलावंत म्हणूनही ठसल्या असत्या. उपेक्षित समाजातील कलावंताच्या कृतीची दखल केवळ सामाजिक दस्तऐवज म्हणून घ्यावी, तिच्यातील रचना, लय, दृष्टी यांची चर्चा करू नये, ही सवय समीक्षेत खोल रुजली आहे. मुलगा त्या सवयीतून पूर्णपणे सुटलेला नाही.

समारोप

मेराता यांचा अखेरचा माहितीपट त्यांच्या पश्चात २०११ मध्ये प्रक्षेपित झाला. त्याचा विषय होता माओरी कुटुंबांतील मुलांवर होणारी हिंसा. आयुष्यभर राज्यसत्तेला जाब विचारलेल्या या स्त्रीने शेवटी आपल्याच समाजाच्या घरात कॅमेरा नेला. वसाहतशाहीने आमचे घर मोडले हे खरे; पण मोडलेल्या घरात मुलावर उगारलेला हात आमचा आहे, हे सांगण्यास धैर्य लागते. तसे सांगितले की शत्रूच्या हाती कोलीत मिळते, असे म्हणणारे सर्वच चळवळींत असतात. मेराता यांनी त्यांचे ऐकले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मूल हा चळवळीच्या हिशेबातला किरकोळ आकडा नव्हता.

या शेवटच्या कामाच्या प्रकाशात हेपेरी यांचा चित्रपट पाहिला म्हणजे तो आईच्या कार्याची पुढची पायरी वाटतो. आईने समाजातील मुलांची बाजू मांडली, मुलाने आईच्या स्वतःच्या मुलांची बाजू मांडली. चळवळीचा इतिहास लिहिताना घरातील साक्षी वगळल्या तर तो इतिहास अर्धा राहतो, आणि अर्ध्या इतिहासावर वाढलेली पुढची पिढी एक तर मूर्तिपूजक होते, नाहीतर पाठ फिरवते. दोन्ही परिणाम आपल्या परिचयाचे आहेत. ज्यांच्या घरांतून माणसे चळवळीसाठी बाहेर पडली, त्या घरांतील मुले आज वृद्ध होत आहेत. त्यांच्या आठवणी कोणी टिपून ठेवल्या नाहीत तर त्या त्यांच्याबरोबर जातील. गौरवग्रंथांच्या पंक्तीत त्यांना बसवण्यापूर्वी कोणीतरी धाकट्या भावासारखे त्यांच्यासमोर बसून ऐकले पाहिजे. ‘मेराता’ हा माहितीपट ते कसे करावे याचा एक वस्तुपाठ आहे, आणि त्याच्या उणिवांसकट तो अभ्यासण्याजोगा आहे.